चालत्या प्रोग्रॅममधली ताई

“फाइली आहेत ना? मग मशीन बंद करायला तुझं काय जातंय?” साहेब म्हणाले.

काय जातंय, हे साहेबांना सांगून उपयोग नव्हता. याच साहेबांनी त्याच्या ताईला दवाखान्याच्या खाटेवरूनही कामाला जुंपलं होतं. ती गेल्यावर फुलं पाठवली आणि झाले मोकळे.

शहराला पाणी सोडणारा, त्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम ताईने लिस्प या संगणकभाषेत लिहिला होता. बदल करायला तो थांबवावा लागत नसे. एडिटरमध्ये शेवटच्या कंसापुढे कर्सर ठेवायचा, दोन कळा दाबायच्या. नवं लिहिलेलं जुन्याच्या जागी जाऊन बसायचं आणि पंपांना ठसकाही लागायचा नाही. ताई खाटेवरून हेच करायची. त्यातच साहेबांच्या नकळत तिने धाकट्या भावासाठी एक चाळा करून ठेवला होता. त्याची ड्युटी संपली की पडद्यावर रोज नवी बोलणी. “ऊठ गाढवा, खुर्चीला मुळं फुटतील.” “दाढी कर, पंप दचकतात.” ताई गेली, बोलणी थांबली नाहीत. तो कामावर येत होता तो त्यांच्यासाठीच.

उद्या मशीन बदलणार होतं. बोलणी नव्या मशीनवर न्यायची, एवढंच त्याला हवं होतं. दुपारभर त्याने ताईच्या फाइली उपसल्या. ड्युटी संपल्यावरची ओळ लिहिणारं फंक्शन शेवटी सापडलं. चालवून बघितल्याशिवाय लिस्पवाल्याला चैन पडत नाही. वाचण्याआधीच बोटांनी त्या दोन कळा दाबल्या.

“सापडलं!” तो ओरडला.

शेजारच्या टेबलावरून ताईची मैत्रीण उठून आली. तिने पडद्याकडे पाहिलं.

“अरे, हे जुनं आहे, कंपनीचं. साहेबांचं काम ती इमानाने सेव्ह करायची. तुझं तेवढं ‘बरी झाले की सेव्ह करते’ म्हणाली होती. ते फाइलीत नव्हतंच रे. नुसतं चालत्या प्रोग्रॅममध्ये होतं. आत्ता तू त्याच्यावर हे बसवलंस.”

कळांवरचे हात त्याने उचलले नाहीत.

ड्युटी संपली. पडद्यावर ओळ उमटली: “आजचे काम पूर्ण झाले. धन्यवाद.”

ताईने जन्मात त्याला कधी धन्यवाद म्हटलं नव्हतं.