देव सापडेना

ऐन उत्सवात गावच्या देवस्थानच्या वेबसाइटवरून देवाचं पानच गायब झालं आणि कमिटीने पणजीत बसलेल्या प्रोग्रामर गौरेशला फोन करकरून भंडावून सोडलं. ‘मुख्य देवालय’ या फोल्डरच्या पाथखालीच पान शोधणारी क्वेरी त्यानेच लिहिली होती. ती आता काहीच आणून देईना. त्याने परवानग्या तपासल्या, इंडेक्स नव्याने बांधला, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या. शेवटी पाथची अट काढून साइटच्या सगळ्या फायलींची अख्खी रिपॉझिटरी धुंडाळली, तेव्हा पान सापडलं शेजारच्या गावच्या देवीच्या फोल्डरमध्ये!

हा उद्योग साइट सांभाळणाऱ्या शंभूकाकांचाच. गावंढळांच्या हाती माऊस दिला की दुसरं काय होणार! त्याने तणतणत फोन लावला.

“काका, देवाचं पान तिकडे कुणी हलवलं?”

“मीच. काल देवाची पालखी त्या देवीकडे, त्याच्या बहिणीकडे गेली न्हय? आता पाच दिवस देव थंयच. देवळात नसलेला देव देवळात कसा दाखवू?”

“अहो, देव गेला म्हणून कुणी पान हलवतं? संगणकाला कळत नाहीत हे असले खुळचट भाऊ-बहीण!”

“संगणकाचं सोड मरे,” शंभूकाका शांतपणे म्हणाले. “तुझीपण भैण त्याच गावात दिलीय. तू शेवटचा कधी गेलास तिच्याकडे?”