रांगेत शेवटची
हंगामातला पहिलाच बर्फ अँडीजवर तीन दिवस कोसळला होता. चढण्यापूर्वी वाटाड्या आन्सेल्मोने नेहमीसारखं एकेकाला आपल्यासमोरून चालायला लावलं. प्रत्येकाच्या गळ्यातल्या यंत्राला त्याच्या हातातल्या यंत्राने वाजून ओ दिली. कुणी बर्फाखाली गेलंच, तर हाच आवाज ठावठिकाणा सांगणार. शेवटी लेक मायते आली. “बाबा, माझं तपासा की!” “तुझं काय तपासायचं? ते गळ्यात घालूनच रांगलीस तू. चल, उशीर होतोय!” सगळे हसले, तीही हसली. दुपारी उतारावरचा बर्फ सुटला आणि नेमका तिलाच घेऊन गेला. यंत्र धरून आन्सेल्मोने उतार पालथा घातला. ते वाजलंच नाही. काठ्या खुपसून खुपसून संध्याकाळी ती सापडली, थंडगार पडलेली. हंगाम संपला की यंत्रातले सेल काढून ठेवायचे, ही त्याचीच शिकवण. नवे सेल तिच्या खिशात होते, वेष्टनही न फोडलेले.