एकच बॉल

कोचनी बादलीतले सगळे बॉल गवतावर ओतले, त्यातला एक उचलून तिच्या हातात ठेवला आणि बाकीचे गोळा करायला लागले.

"आजपासून एकच."

"एका बॉलने सराव कसा होणार, सर?"

"शंभर असले की एकाचीही किंमत राहत नाही. हा चुकला तर पुढचा आहेच, असं वाटतं. सामन्यात पुढचा असतो का?"

ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात केसाएवढीही चूक न होऊ देता काम करायची, पण गोल्फच्या मैदानात होलजवळ पोचली की हात तिचं ऐकत नसे. घाई व्हायची. यंदा घाई परवडणार नव्हती.

कारण अण्णा. खेळ तिला वडिलांनीच शिकवलेला. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा लांबचा फटका गेला तो गेलाच. उरला होलजवळचा खेळ. बॉल हलकेच उचलून हिरवळीवर टाकायचा आणि तिथून सरपटत होलात घालायचा. दर वाढदिवसाला बापलेकीचा तेवढाच सामना व्हायचा, आणि अण्णा वर्षभर त्यावर जगायचे. व्यायामसुद्धा त्याच्यासाठीच करायचे. एरवी त्यांनी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं.

गेल्या वर्षी तिने शेवटचा सोपा फटका घालवला. अण्णा हसले नाहीत.

"माझी कीव करू नकोस," ते म्हणाले. "मारायच्या आधीच तुझा खांदा पडला. बापाच्या डोळ्यांत धूळ फेकतेस? पुन्हा असं दिसलं तर माझ्या स्टिक माळ्यावर. कायमच्या."

अण्णा बोलले की करायचे. स्टिक माळ्यावर गेल्या की त्यांच्या मागोमाग अण्णाही खाटेला खिळणार, हे तिला दिसत होतं. तिची झोप उडाली. म्हणून तर ती कोचकडे आली होती, आणि काही न लपवता सगळं सांगून मोकळी झाली होती.

दवाखाना उघडायच्या आधी ती रोज मैदानात यायची. एक बॉल, दरवेळी नवी जागा. मागे उभं राहून उतार बघायचा, एकदा हवेत स्टिक फिरवायची, मग मारायचं. बिघडलं तरी तिथूनच खेळून संपवायचं. हळूहळू हात शांत झाला. मग कोच तिच्याकडून उतारावरचा जवळचा फटका घोटून घेऊ लागले.

"खांदा सांभाळ. बॉल कुठे थांबायला हवा, तेवढंच डोळ्यांसमोर ठेव."

बॉल होलच्या कडेशी येऊन थांबला.

"हं, आता जमतंय," कोच म्हणाले.

वाढदिवसाच्या सकाळी सामना शेवटच्या होलपर्यंत बरोबरीत चालला. अण्णांनी आपला बॉल आत घातला. आता बरोबरीसाठी तिचा बॉल आत जाणं भाग होतं. तिने सावकाश उतार बघितला, स्टिक फिरवली आणि मारला. बॉल कडेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले.

"यंदा मनापासून खेळलीस," ते शेवटी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पण बापापेक्षा लेक सवाई व्हायला अजून अवकाश आहे. पुढच्या वर्षी ये, बघू."

आणि जिंकल्याचं तिच्या आत्याला फोनवर सांगायला ते निघाले, काठी न टेकता.

लांबून सामना बघत असलेले कोच तिच्याजवळ आले. "कुठे थांबला?"

"करंगळीभर अलीकडे, सर," ती डोळे पुसत म्हणाली. "रोज थांबवत होते, अगदी तिथेच."