न्यायला आलेली माणसं

बरी झालेली गोदूबाई बोचकं मांडीवर घेऊन सकाळपासून वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकाशी बसली होती. उन्हं कलली, तरी न्यायला भाऊ काही आला नाही. आता पुन्हा आत पाठवतील, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात समोरच्या गावातून दोन बायका निरांजनाचं ताट घेऊन भांडतच आल्या.

"मागची तुम्ही नेलीत. ही आमच्याकडे येणार."

"आधी तुमचं गळकं छप्पर शाकारा."

"अहो, मी तुमची कोण?" गोदूबाई चाचरली.

"माझी आजेसासूही इथंच बसलेली," पहिली तिला ओवाळत म्हणाली. "कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा तिनं समोर झोपडी घातली. मागून बऱ्या झालेल्यांना तीच घेऊन गेली. असंच तर गाव वसलं."

गोदूबाईनं बोचकं काखोटीला मारलं. "आज तुमच्याकडे जेवते, उद्या यांच्याकडे. पुढच्या खेपेला मात्र भांडायला मीपण येणार."