सकाळचा राउंड

"मास्तर, झोप लागली का?" सिस्टरनी फोनच्या पडद्याकडे बघत विचारलं.

"लागली की. तुम्हाला?"

हा उलट प्रश्न रोजचाच. जन्मभर गिऱ्हाइकांची मापं घेतलेला टेलर मनानं खचला तरी रीत सोडत नव्हता. सिस्टर "मलाही" म्हणाल्या आणि ॲपमधल्या पाच चेहऱ्यांपैकी हसऱ्यावर त्यांनी बोट टेकवलं.

हे काम सुनेनं मिळवून दिलं होतं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांशी रोज व्हिडिओवर बोलायचं, त्यांचा मूड नोंदवायचा. नर्सची नोकरी कधीच संपली होती, पण 'सिस्टर' ही हाक टिकून होती. नवरा गेल्यावर मात्र त्यांनी अंथरूणच धरलं होतं. आता पेशंटसमोर पारोसं बसायचं कसं? त्या वेळेवर उठू लागल्या, केस विंचरू लागल्या. मास्तरांना बोलतं करायला नवऱ्याच्या आजारपणाचंही सांगू लागल्या. आपलं थोडं सांगितल्याशिवाय पेशंट खुलत नाही, हे वॉर्डातली नोकरी करून त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सिस्टर, हा आपला शेवटचा फोन बरं का," मास्तर म्हणाले. "आता गरज उरली नाही. काळजी घ्या."

आणि फोन बंद.

सिस्टर घाबरल्या. असं शांतपणे निरोप घेणारी माणसं त्यांनी पाहिली होती. पाठोपाठ रागही आला. एवढा जीव लावला, आणि हा माणूस सरळ तोंड फिरवतो?

सून गडबडून म्हणाली, "आई, राहू द्या ना. ॲपवाले दुसरं कोणीतरी देतील."

"दुसरं कोणीतरी? बाजारातली भाजी आहे का ती? त्यांनी जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर?"

मास्तरांच्या दुकानाचा पत्ता बोलण्यात येऊन गेला होता. वरच्या मजल्यावरच ते राहत. सुनेला न जुमानता सिस्टरनी टॅक्सी केली आणि त्या धापा टाकत जिना चढल्या.

दार मास्तरांनीच उघडलं. दाढी गुळगुळीत, गळ्यात टेप, चेहरा टवटवीत.

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "मास्तर, असं फसवतात का हो माणसाला?"

मास्तरांनी ते ऐकलंच नाही. हरखून ते आतल्या खोलीकडे वळले.

"सूनबाई, ये लवकर! तू मला मिळवून दिलेल्या पहिल्या पेशंट बघ, कशा ठणठणीत होऊन आल्यात!"