यंत्राने भरलेले शब्द

"बाबा, मिरजेचा जुना कारखाना मी बंद करतेय," वैदेही म्हणाली.

दिनकरराव खारकरांनी समाधानाने मान हलवली. "जुना कारखाना चालू ठेवतेयस, बरं करतेयस."

वैदेहीने त्यांच्या कानातल्या श्रवणयंत्राकडे पाहिलं. त्याच कारखान्यात बाबांनी तिच्या बहिऱ्या आजीसाठी पहिलं श्रवणयंत्र बनवलं होतं आणि त्यातून कंपनी उभी राहिली होती. आता ती वैदेही चालवत होती. तिच्या संशोधन विभागाचं हे नवं यंत्र ऐकू न आलेले शब्द स्वतःच भरायचं. समोरचा माणूस एरवी काय बोलतो, यावरून ते अंदाज बांधायचं. वापरणारे खूश होते. कुणालाच आता "काय म्हणालात?" असं विचारावं लागत नव्हतं.

आणि वैदेहीने आजवर बाबांना वाईट बातमी कधी दिलीच नव्हती.

राहू द्यावा यंत्राचा अंदाज, असं क्षणभर तिला वाटलं. मग तिने हळूच त्यांच्या कानातलं यंत्र काढलं आणि कानाशी वाकून तेच वाक्य मोठ्याने सांगितलं.

"काय बंद?"

तिला पुन्हा सांगावं लागलं, आणखी मोठ्याने. या वेळी तिचा आवाज चिरकला.

आता बाबांना नीट ऐकू आलं. "तिथे काम करणाऱ्या बायकांना सांगितलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"मग उद्या मलाही घेऊन चल. दोघं मिळून सांगू."

तिने यंत्र पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"त्या खरंच काय म्हणतात, ते मला ऐकायचंय," ते म्हणाले.