सहा तास ऊन

"झाड काढणार आहात की नाही, तेवढं सांग!" विमलाताई मागच्या भिंतीवरून कडाडल्या.

पलीकडे रशिदा आपल्या जिन्यावर उभी राहून लिंबं तोडत होती. "फांद्या छाटून घ्या की काकू. आख्खं झाड कशाला? अन् सरांना त्या..."

"सरांचं मला शिकवू नकोस."

रशिदा पुन्हा लिंबं तोडायला लागली. विमलाताईंचं डोकं मात्र दिवसभर तापलेलंच राहिलं.

मंगळवार पेठेतल्या त्या घराच्या मागच्या खोलीत विमलाताईंचे यजमान त्र्यंबकराव आठ महिने अंथरुणाला खिळले होते. तीस वर्षं मुलांना चित्रकला शिकवली आणि अर्धांगाच्या एका झटक्यात उजवा हात गेला, वाचाही गेली. बसवलं की चक्कर यायची, म्हणून बुटक्या पलंगावर खिडकीकडे तोंड करून आडवंच राहायचं. गणपतीच्या सुमारास ते डावा हात उचलून खिडकीकडे दाखवायला लागले. बोटं फडफडवायचे, पुन्हा पुन्हा.

"फुलपाखरं?" विमलाताईंनी विचारलं.

त्यांनी जोरात मान हलवली. कितीतरी दिवसांनी ते हसले. बस्स, ठरलं. नवऱ्याला फुलपाखरं हवी होती आणि ती त्याला मिळणार होती. विमलाताईंनी एकदा मनावर घेतलं की त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

त्यांनी झिनिया आणि कॉसमॉसचं बी आणलं. "फुलपाखरं रांग लावत्यात बघा," दुकानदार म्हणाला, "पण रोज सहा तास ऊन पायजे." खिडकीखालच्या मातीत वाफा केला, चाळलेलं शेणखत घातलं. पाचव्या दिवशी रोपं वर आली आणि पंधराव्या दिवशी लोळली. लांबट, पिवळी, नुसत्या दोऱ्या. ऊन कुठलं मिळायला! भिंतीपलीकडचं लिंबाचं झाड दुपारपर्यंत सावली धरून उभं.

त्यात त्या रशिदाची आणखी एक खोड त्यांच्या डोक्यात जायची. रोज सकाळी जिन्यावरून ती खिडकीत बघायची आणि वर हसायची. आजारी माणसाच्या खोलीत डोकावायचं, याला काय म्हणावं? विमलाताईंनी तेही सुनावलं. हद्दीवरून सुनावलं, पालिकेत अर्ज करीन म्हणून सुनावलं. आठ दिवस सगळी गल्ली ऐकत होती.

नवव्या दिवशी रशिदाच्या नवऱ्यानं, दिलदारनं, करवत आणली. झाड आडवं झालं. रशिदानं एक फांदी उचलून भिंतीवर आपटली.

"घ्या! पडू दे आता ऊन!"

आत त्र्यंबकराव डाव्या मुठीनं पलंग बडवत होते, घशातून ओरडत होते. करवतीचा आवाज सोसत नाही बिचाऱ्यांना, म्हणून विमलाताईंनी खिडकी लावून घेतली. त्याचाही राग त्यांनी रशिदावरच काढला.

पुन्हा बी पेरलं. या वेळी रोपं ठेंगणी, भरदार झाली. विमलाताईंनी शेंडे खुडले, गोगलगायी वेचल्या, गुडघे दुखेपर्यंत खुरपलं. मार्गशीर्षात वाफा पेटला. केशरी झिनिया, गुलाबी कॉसमॉस, आणि त्यांच्यावर खरोखरच फुलपाखरं. पिवळी, काळी, ठिपक्यांची.

त्यांनी खिडकी सताड उघडली. "बघा! आली की नाही?"

त्र्यंबकरावांनी खिडकीकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. झाड पाडल्यापासून त्यांचा हात खिडकीकडे उठलाच नव्हता. जेवणही निम्म्यावर आलेलं. चौथ्या दिवशी विमलाताईंचा संयम सुटला.

"तीन महिने मातीत राबले मी! कुणासाठी? कशाचा एवढा राग आलाय? बघा म्हणते ना!"

त्यांनी त्र्यंबकरावांची मान खिडकीकडे वळवली आणि बोट दाखवायला म्हणून स्वतःही त्यांच्या शेजारी आडव्या झाल्या. उशीवर डोकं टेकलं, हात उचलला आणि तो तसाच राहिला.

इथून एकही फूल दिसत नव्हतं. वाफा खिडकीच्या कट्ट्याखाली पार बुडाला होता. चौकटीत नुसतं पांढरं आभाळ होतं आणि कडेला रशिदाचा जिना.

जिन्यावर रशिदा कपडे वाळत घालत होती. विमलाताई धडपडत उठल्या आणि खिडकीशी गेल्या.

"रशिदा, त्या दिवशी तू सरांचं काय सांगत होतीस?"

दोन महिन्यांत दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. रशिदानं हातातली चादर झटकली. वळून बघितलंसुद्धा नाही.

"आता इचारून काय उपेग? लिंबावर फुलपाखरं यायची, काकू. सर आत पडल्या पडल्या मोजायचे अन् आज किती ते मला बोटांनी सांगायचे. झाड पाडायच्या आदल्या दिवशी पाची बोटं दोनदा दाखवलती त्यांनी."